पोच

सराफ्यात रात्री
सोनारांची शटरं खाली येतात
आणि त्याच ओट्यांवर भुट्ट्याच्या किसाच्या कढया चढतात.
रस्ता तोच, तेवढाच रुंद,
दिवस एकाचा, रात्र दुसऱ्याची.
तारही अशीच वाटून घ्यायची,
मी शिकाऊंना सांगते.
पोरं वहीत "भुट्टा" लिहून घेतात.

माझी पाळी दहा ते सहा.
विजयनगर, सहावा मजला,
एसी इतका की भादव्यातही शाल.
आज अनंत चतुर्दशी.
मिल बंद पडून जमाना झाला
पण मिलच्या झांक्या अजून निघतात,
आणि सगळं इंदूर हात उंच करून
एकच रथ
एकाच वेळी
जगाला दाखवतंय.
पडद्यावरची रेघ पिवळी, मग केशरी,
जेलरोडच्या जोडावर लाल.

तन्मय झोकरकर, नोकरीचा तिसरा आठवडा, घाबरला.
"मॅडम, बफर वाढवू? सगळ्यांना आत घेऊ,
थांबतील बिचारे."
अरे भिया,
प्रतीक्षालय मोठं बांधलं म्हणून
गाडी लवकर येते का?
आत घेतलेल्याला वाटतं आपलं काम होतंय,
बाहेरच्याला वाटतं जागा आहे,
आणि पोचतं ते शिळं.

मी त्याच्यादेखत रांग आखूड केली.
भरायच्या आधीच, मधूनच एखादं पॅकेट
नाव-गाव न विचारता गाळायला लावलं.
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी कुणाचं लेकरू गर्दीत सोडलं.

गळलेलं पुन्हा पाठवतात रे.
गळणं हाच निरोप असतो:
दमानं घे, पुढे दाटी आहे.
पाठवणारा शहाणा असला तर
आहे त्याच्या निम्म्यावर येतो,
मग पोच आली की एक वाढवतो,
पोच आली की अजून एक.
पोच नसलेलेही असतातच,
ते नुसतं लोटत राहतात.
त्यांना वेगळ्या गल्लीत घालायचं.
आणि ही बारीक धार दिसते ना,
तोषनीवाल हॉस्पिटलची,
कुणाचे तरी ठोके चाललेत तिच्यातून.
तिला आधी. कायम आधी.
एवढं तर झांकीतले ढोलवालेही जाणतात,
सायरन ऐकला की टिपरू हवेतच थांबतं.

दोनला रेघ केशरीवर उतरली.
तन्मय सरवट्याहून पोहे घेऊन आला,
वर मूठभर शेव, जिरावण जरा जास्तच.
"मॅडम, तुम्हाला हे सगळं
घरीपण उपयोगी पडत असेल."
मी लिंबू पिळत राहिले.

रामबागेत जिजी राहते.
इथून सहा किलोमीटर, मागच्या वैशाखापासून.
बाबांच्या तेराव्याच्या रात्री
मी तिला सगळं एकदम पाठवलं:
बँकेचं, पाटल्यांचं,
दवाखान्यात रात्री कुणी किती काढल्या त्याचा हिशोब,
शिवाय एक जुनं, लहानपणीचं, ज्याची गरज नव्हती.
एकापाठोपाठ एक, अकरा लांबलचक संदेश.
पोच यायची वाट पाहिली नाही.
सातव्यानंतर ती गप्प झाली होती,
हे मला आठव्याच्या आधी कळायला हवं होतं.
कळत होतंच.
रोज रात्री हेच तर बघते मी,
पगार घेऊन.

पावणेचारला पडदा हिरवा.
तन्मय खुर्चीतच कलंडलेला,
बोटांना हळद.
मी मोबाईल काढला. मोठं काहीतरी लिहिलं,
त्यात "खरं तर" तीनदा आलं.
पुसलं.
निम्मं केलं. त्याचं निम्मं.
उरलं ते पाठवलं:
झांकी पाहिलीस?

एक खूण.
बऱ्याच वेळानं दुसरी.
खाली पाटणीपुऱ्याकडून कुठलातरी शेवटचा ताशा
थकून, ठेका सोडून वाजत होता.

चार वाजून बारा मिनिटांनी
रामबागेहून आलं:
हं.

इतकंच.
मी दोन शब्द टाईप केले.
तिसरा सुचला होता, चांगला होता,
तो ठेवला.